सासूबाईंची जागा

ऊर्जानगरच्या क्वार्टरात राहणाऱ्या, कंपनीच्या बसनं ड्युटीवर जाणाऱ्या आणि दुसरा मजला चढताना दोनदा कठडा धरणाऱ्या माणसानं पाठीवर सामान घेऊन जंगलात पायी हिंडायचं ठरवलं, तर घरच्यांनी हसावं हे बरोबरच आहे. बायको म्हणाली, "तुमी कोपऱ्यावर भाजी आणाले गाडी काढता जी!"

मग मी तिला मोबाईलवरची जाहिरात दाखवली. वाघांच्या जंगलाभोवतालच्या बफर पट्ट्यातली पायवाट, सोबत गाईड, तंबूत मुक्काम. खाली एका तलावाचा फोटो. तिचं हसू थांबलं.

"हा आमचा तलाव होय."

आम्ही सावली तालुक्याकडचे, धान पिकवणारे. बायकोचं माहेर मात्र या जंगलाच्या आत होतं. जंगल वाघांसाठी राखायचं ठरलं तेव्हा गाव उठलं आणि बाहेर माळावर वसलं. पक्की घरं मिळाली, नळ आला, रस्ता आला. गावकऱ्यांनी आपले देव डोक्यावर घेऊन सोबत आणले. गेलेली माणसं आणता आली नाहीत. त्यांच्यात मेलेल्याला पुरतात, उशाशी दगड उभा करतात. माझे सासरे तिथंच राहिले, तलावाकाठच्या मोहाच्या झाडाखाली. आणि मोहाची पहिली फुलं त्या दगडापाशी ठेवल्याशिवाय आपण खायची नाहीत, ही तिथली रीत. गाव सुटल्यापासून सासूबाईंनी मोहफूल तोंडात घातलेलं नाही. नातवंडांना भाजून देतात आणि स्वतः हात पुसून बाजूला बसतात. "त्याईले देल्ल्याबिगर मी कशी खाऊ?"

म्हणून मी तिघांचं बुकिंग केलं. जावई म्हणून आयुष्यात एक तरी काम धड करावं, असं वाटलं होतं.

मोह गळायला लागला होता. सासूबाईंनी पहिली फुलं पदराच्या गाठीत बांधली. माझ्या पाठीवरच्या नव्या बॅगेत मलम, गुडघ्याचे पट्टे, तीन बॅटऱ्या आणि बायकोला न सांगता घेतलेला चिवडा.

"जवाईबापू, घरच आणलं का पाठीवर?"

"औषधं हायेत, आई."

"मंग बरं. वाटेत कोन्ही पडलं त तुमीच पडान, तुमच्याच कामी येईन."

पूर्ण वाट त्या पुढं चालल्या. इथं बैल बसायचे, इथं तुझ्या बापाले साप दिसला, असं लेकीला सांगत. मी इतका मागं होतो की गाईड माझ्यासाठी थांबून थांबून कंटाळला.

वाट तलावाच्या काठावर येऊन संपली. पलीकडच्या काठावर गवत, आणि गवतात एक मोठा मोह. आमच्यासोबत पुण्याचं एक तरुण जोडपं होतं. मुलगी हळू आवाजात म्हणाली, "किती छान ना! इथं कधी माणसाचा पाय लागला नसेल."

सासूबाई तिच्याकडे कौतुकानं बघत म्हणाल्या, "बाई, तो मोह दिसते ना? त्याच्या डाव्या बाजूले माही चूल होती."

सासूबाई पदर खोचून काठानं निघाल्या. गाईड आडवा आला.

"आई, त्या पारी कोअर हाय, वाघाचं राखीव जंगल. पायी जाता येत नाई."

"मी लवकर येतो ना भाऊ. फुलं ठेवतो आन् येतो."

"माही नौकरी जाईन, आई."

मी पुढं होऊन साहेबी आवाज काढून पाहिला. जाहिरातीत तलाव होता, म्हणून मी तलावाच्या दोन्ही काठांचं बुकिंग केल्यासारखा भांडलो. गाईडनं हात जोडले.

सासूबाईंनी पदराची गाठ घट्ट केली. मग त्यांनी गाईडला अगदी साध्या आवाजात विचारलं, "आन् मेल्यावर? माणूस मेल्यावर जाऊ देतेत का तिथी? त्याईच्या बाजूले माही जागा ठेवली हाय."

गाईडनं मान हलवली. "नाई, आई."

बायकोनं तोंड फिरवलं. परतताना फुलं पदरातच होती, आणि सासूबाईंनी एकाही जागेचं नाव घेतलं नाही.

पंधरवड्यानं त्यांनी आम्हाला माळावर बोलावलं आणि नव्या गावामागच्या नाल्याकडं नेलं. तिथं जरा उंचवटा आहे. उभं राहिलं की दूर जंगलाची काळी रेघ दिसते.

"जवाईबापू, इथी झोपून पाहा बरं."

"मी?"

"मंग कोन? मी झोपली त मले उठवाले दोघं लागन."

मी पँट सावरत त्या ढेकळांवर आडवा झालो. बायकोला आधी हसू फुटलं.

"डोस्कं अजून तिकडं करा. हां. आता दिसते का जंगल?"

मला माझंच पोट दिसत होतं, आणि त्याच्यापलीकडे आभाळ. बायको हसायची थांबली होती. सासूबाई वाकून उत्तराची वाट पाहत होत्या.

"दिसते, आई," मी म्हणालो.

"तलाव?"

"तो पण."


"मंग इथीच माही जागा," त्या म्हणाल्या, आणि मला उठवायला हात पुढं केला.