मोहाच्या झाडाखाली वाजलेलं विरहगीत

लोकहो, तुम्हाले एक गोष्ट सांगायची आहे.

आज सकाळी पोंभुर्ण्याच्या जंगलात मोहफुलं वेचत होतो. वाघ दूर राहावा म्हणून आम्ही मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावतो. मी आमच्या झाडीपट्टीच्या नाटकातलं गाजलेलं विरहगीत लावलं.

"हे नको लावू बाबू," शेजारची शांताकाकू बोलली. मी ऐकलं नाई.

मोबाइल मध्येच बंद पडला. समोरच्या झुडपातून गुरगुर आली. सारे जागीच थिजले.

तेवढ्यात काकूनंच तेच गाणं गळा फाडून म्हटलं. गुरगुर हळूहळू लांब गेली.

"काकू, तुले तर हे गाणं नको होतं ना?"

"तुह्या काकाले वाघानं नेलं, तवाबी हेच वाजता वाजता मोबाइल बंद पडला होता. त्या दिवशी माह्या तोंडातून आवाजच निघाला नाई."

उद्या पुन्हा मोह वेचायला जायचं आहे. कोणतं गाणं लावू, तुम्हीच सांगा.