येते म्हणून गेलेली बाई

व्हर्ना केल्सो ही नटी तुम्हांला ठाऊक नसणार. मलाही नव्हती. लंडनजवळच्या स्लाऊ गावातल्या एका वृद्धाश्रमात त्या राहतात, हे तिथल्या नर्सने, मीनाक्षीने, मला सांगितलं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी विषयच शोधत होते. गेल्या वर्षी माझा थालीपिठावरचा लेख छापून आल्यापासून लोक मला लेखिका म्हणतात, म्हणजे मी म्हणायला लावते.

पहिल्या मंगळवारी व्हर्नाबाई दोन तास बोलल्या. वय ब्याण्णव. विसाव्या वर्षी ओहायोतून हॉलिवुडला गेल्या, अकरा चित्रपट केले आणि त्यांतल्या नऊंत मध्यंतराआधीच मेल्या. "मी फार छान मरायचे," त्या म्हणाल्या. मग कामं थांबली. स्टुडिओवाले 'कळवतो' म्हणत आणि या वाट बघत बसत. शेवटी एका ब्रिटिश चित्रपटासाठी इथे आल्या, तोही रद्द झाला. त्यांनी स्लाऊमधल्या एका चष्मेवाल्याशी लग्न केलं आणि तीस वर्षं शाळेच्या किचनमध्ये पोरांना जेवण वाढलं. आता नवरा नाही, मूलबाळ नाही. आपण विसरून जायच्या आत कुणीतरी हे सगळं लिहून ठेवावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

मी भारावून उठले, कोट चढवला आणि दारातून हात हलवत म्हणाले, "आय ॲम कमिंग, हं!"

चाळीस वर्षं मी इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली. सुनेच्या इंग्रजीतल्या चुका काढते. आणि निघताना 'जाते' नाही, 'येते' म्हणायचं, हे आईने लावलेलं वळण असं इंग्रजीतून बाहेर पडलं. मला पत्ताही नव्हता.

पुढच्या मंगळवारी मीनाक्षीने दारातच गाठलं. "प्रमोदिनीताई, काय सांगून गेलात तुम्ही? लिपस्टिक लावून विंडोपाशी बसून होत्या. डिनरला हात लावला नाही. 'शी इज कमिंग' एवढंच. दुसऱ्या दिवशीपण सेम."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आत गेले तर व्हर्नाबाईंनी मान फिरवली. "तूही त्या स्टुडिओवाल्यांसारखीच. आता मी काही सांगणार नाही."

मी समजावू लागले. आमच्यात 'गेली' म्हणजे वारली, म्हणून कुणी जाते म्हणत नाही, येते म्हणतो, मग परत येणार असो वा नसो. माझं भारी इंग्रजी पार ढेपाळलं.

त्यांनी मान पुन्हा माझ्याकडे वळवली. "म्हणजे नऊ चित्रपटांत मी 'आय ॲम गोइंग' म्हणत मेले, तो निरोपच चुकीचा?" म्हणाल्या आणि खोकला येईपर्यंत हसल्या. मग चष्मेवाल्यापासून पुढे सांगायला लागल्या.

निघताना त्यांनी माझा कोट धरला. "आता नीट म्हण. आय ॲम गोइंग. म्हणजे मी उगाच बसून राहणार नाही."

मी तोंड उघडलं. ब्याण्णव वर्षांच्या बाईच्या तोंडावर तो शब्द काही केल्या निघेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही लेखिकेला न शोभणारं, नाक गळणारं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "दिवस आणि वेळ सांग."

"मंगळवार. अडीच वाजता."

त्या मंगळवारी मी दोनलाच जाऊन पोचले. त्या आधीच तयार होऊन बसल्या होत्या.