दिव्याचं तोंड

त्या दिवशी हजर होतो ते एवढे: मी, आमचे हे, म्हणजे नाना, माझी धाकटी जाऊ सिंधू, तिचा नवरा दगडूभाऊ, चौकड्याच्या गमछ्याचे पुढारी, खांब बसवणारा वायरमन आणि माझी म्हैस. यातल्या म्हशीनं तेवढा काही घोळ घातला नाही.

आमचं गाव पारोळ्याकडे. सिंधूचं दार पुढच्या गल्लीत, माझं मागच्या. तिचं परस बरोब्बर माझ्या दारासमोर. दगडूभाऊ चौकड्याच्या गमछ्याच्या पक्षाचा, आमचे नाना जन्मापासून पट्ट्याच्या गमछ्याचे. चौकडेवाले निवडून आले आणि सरकारी दिवा लागला सिंधूच्या दारात!

मी कंदिलाच्या उजेडात जन्म काढला, तक्रार केली नाही. पण सिंधू रोज दिव्याखाली शेंगा फोडायला बसायची (दिवसा तिला काय धाड भरायची?) आणि मला तिथे बसायला हाका मारायची, "अक्का, आठे बस वं! दिवसासारखा उजेड शे!"

एकदा तिच्याकडून घरी येताना मी अंधारात गटारात पडले. गुडघा फुटला, त्याचं काही नाही. सिंधू म्हणाली, "तुमच्या गल्लीत दिवा नाही का?" ते लागलं!

गेले लंगडत पुढाऱ्याकडे. तो म्हणाला, "अक्का, तुमच्या गल्लीनं मतं तिकडे टाकली ना!"

"भाऊ, दिवा सरकारचा का तुमच्या सासऱ्याचा? गटारात पडताना मला कोणी पक्ष नाही विचारला!"

तो हसला. "नानांना आमचा गमछा घालू द्या, लगेच खांब पाठवतो."

नाना उसळले, "मरी जासू, पण तो गमछा नको!"

"बरं. मग अंधारात भाजीत मीठ पडेल का राख, ते मी सांगणार नाही."

दोन घास खाल्ले आणि नानांनी गमछा बदलला.

खांब आला! मी दारात रांगोळी काढली, ती सिंधूला दिसेल अशी, हातभर मोठी. वायरमन शिडीवर चढला. पुढाऱ्यानं नारळ फोडला. "नाना आता आपले झाले! नाना, होऊन जाऊ द्या घोषणा!"

नानांनी छाती फुगवली, मूठ उगारली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडले, "पट्टेवाल्यांचा विजय असो!"

अंगावर गमछा चौकड्याचा! दगडूभाऊच्या हातातला हार गळाला, तो म्हशीनं खाल्ला.

"अहो, काय बोललात?" मी नानांना चिमटा काढला.

"मी काय करू? तोंडले सवय शे!"

पुढारी लालबुंद. पण खांब रोवून झाला होता, तो कसा उपटणार? त्यानं वर पाहून वायरमनला सांगितलं, "दिव्याचं तोंड तेवढं तिकडे फिरव." तिकडे म्हणजे सिंधूच्या परसात!

आता तिला पुढे एक दिवा, मागे एक. माझ्या दारात नुसता खांब, त्याला म्हैस पाठ खाजवते. काल सिंधू म्हणते, "अक्का, दोन्हीकडून उजेड, झोपच नाही लागत वं!" मलाही लागत नाही, पण अंधारात.

वाचणाऱ्यांना एकच सांगणं: दिव्याचं तोंड फिरवता येत असेल तर या. गमछा कोणताही घाला. शिडी तेवढी आणा, आणि नानांना बोलायला लावू नका.