चंदेरी रंगाखालचा बाण

सकाळी रहाटणीहून दुचाकी काढली, तेव्हा पिशवीत थिनरची बाटली, चिंध्या आणि भिंग होतं. आमच्या नद्यांत कधी नावा चालायच्या, हे पालिकेतल्या एका साहेबाला पटत नाही. "नालेच आहेत ते," भर बैठकीत म्हणाला. ज्यांच्या डोळ्यांदेखत नदीचा नाला झाला, तेच हे सांगणार. म्हणून मी पुरावे शोधत फिरतो: होडीच्या मागे अडकवायची जुनी इंजिनं. महायुद्ध संपल्यावर लष्कराने ती लिलावात काढली आणि त्यातली काही नदीकाठी आली.

मोशीपुढे इंद्रायणीचा पूल लागतो. पाण्यावर साबणासारखा फेस होता. कंटेनरच्या रांगेतून वाट काढत मी पलीकडच्या गावात शिरलो.

संदीप रात्रपाळी करून नुकताच आला होता. त्यानेच मला बोलावलं होतं. शेडमधलं इंजिन बघून माझं तोंड उतरलं. डोक्यापासून पंख्यापर्यंत सिल्वर (चंदेरी ऑइलपेंट), वर हळदकुंकू.

"दर खंडेनवमीला तात्या एक हात मारतात," संदीप म्हणाला. "भावा, दुपारी भंगारवाला येतोय. इथं भाड्याची खोली काढायचीय. लष्कराचं निघालं तर ठेवतो, न्हाईतर जाऊ दे."

तात्या म्हणजे त्याचे वडील. खाटेवर बसले होते. त्यांच्या वडिलांची इथे तर होती (माणसं पैलतीरी नेणारी होडी).

"मिल्ट्रीचंच हाय. माझ्या बापाचा शब्द हाय," ते म्हणाले.

"आजा म्हसोबालापण मिल्ट्रीचा म्हणायचा," संदीप म्हणाला.

मी मात्र चिडलो होतो. इतकी वर्षं रंग फासून सगळ्या खुणा बुजवल्या, असं तोंडावर बोललोही.

"मग नागडं ठिवायचं व्हय?" तात्या म्हणाले.

नावाची पट्टी कधीच गळून गेलेली. होडीच्या फळीला आवळतात त्या पकडीवर मी चिंधी फिरवू लागलो. चंदेरी, पुन्हा चंदेरी, मग गेरूसारखा लाल, आणि तळाला मळकट हिरवा. तेवढ्यावर भुलायचं नसतं, हिरवा रंग कुणीही देतं. आणखी पुसलं, भिंग धरलं. धातूत ठोकलेला बाण, ब्रिटिश लष्कराच्या मालावरची खूण, आणि शेजारी युद्धातल्या सालाचे शेवटचे दोन आकडे. कडा अजून बोटाला लागत होत्या.

संदीपने भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग भंगारवाल्याला फोन लावला. "नको येऊ राव. खोलीचं बघू नंतर."

मी फोटो काढले. वळून बघतो, तर तात्यांनी रंगाचा डबा उघडून ब्रश बुडवलेला.

"तात्या, राहू द्या ना उघडा. लोकांना दिसू दे."

"नदीवरनं वारा येतो तर घरातली पितळंची भांडी काळी पडत्यात," तात्या म्हणाले. "त्यात ह्यो उघडा टाकू? रंगाखाली होता म्हून घावला तुला."

मी डबा धरला, त्यांनी बाण बुजवला. "फेस जाईल तवा ये," म्हणाले, "तूच पूस."

परतताना पुलावर थांबलो. फेस तसाच होता. साहेबाला दाखवायला फोटो आहेत. थिनरची बाटली मात्र मी इंजिनाशेजारीच ठेवून आलोय.