मामाजी विहिरीत उतरले तेव्हा

लग्न होऊन मी आर्वीला आले तेव्हा आमचं घर 'मेजरचं घर' म्हणूनच ओळखलं जायचं. माझे सासरे फौजेतून पेन्शनवर आले होते. चालणं ताठ, बोलणं कमी, आणि डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजून आकसलेला. तो बॉम्बनं भाजला, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांच्यासाठी पुढच्या रांगेत खुर्ची ठेवत. लढाईचं कुणी विचारलं की ते बिडी पेटवायचे आणि दुसरीकडे बघायचे. त्यामुळे लोकांची खात्री आणखीच पटायची.

सासूबाई आधीच गेल्या होत्या. नवरा एसटीत कंडक्टर, आज घरी तर उद्या नागपूरला मुक्कामी. दिवसभर घरात मी आणि सासरे; त्यांना मी मामाजी म्हणायचे. एकदा अचानक खूप पाहुणे आले. एवढ्या जणांचा स्वयंपाक मी कधी केला नव्हता, चुलीपुढं रडकुंडीला आले. मामाजी आत आले, धोतर खोचलं आणि कणकेला भिडले. पोळ्या भराभर लाटून होत होत्या, भाजीच्या मिठाचा अंदाज नुसत्या वासावर.

"मामाजी, हे कुठं शिकलात?"

त्यांनी आधी दाराकडं पाहिलं. "फौजेत. मी बंदूक नाई चालवली, बाई. झारा चालवला. जवानायचं जेवन रांधत होतो. हा हात कढईतल्या तेलानं गेला."

"मग लोकं जे म्हणतात..."

"लोकायनं मले इचारलंच नाई, आपसातच ठरवून टाकलं. मंग मले तोंड उघडता आलं नाई. तुह्या नवऱ्यालेबी ठाऊक नाई. सांगू नको त्याले."

मी सांगितलं नाही.

दोनतीन वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, गावाबाहेर एका कापडदुकानदाराच्या शेतात विहीर खोदणं चाललं होतं. खडक लागला म्हणून सुरुंग लावत होते. त्या दिवशी त्यातला एक बार फुटलाच नाही. सुरुंग लावणारा ठेकेदार सायकलनं दुसऱ्या गावी गेला होता. एक तरणा मजूर थांबायचं सोडून मलबा काढायला खाली उतरला. वरची कड ढासळली आणि त्याचा पाय गुडघ्यापर्यंत दगडांखाली गेला. न फुटलेला बार त्याच्यापासून हातभर अंतरावर. खाली जायला कुणी तयार होईना.

दुपारी चारपाच माणसं धावतच आमच्या अंगणात आली. "मेजरसाहेब, चला! बॉम्बचं काम तुमच्याशिवाय कोनाले समजत नाई."

मामाजी तूर निवडत होते. त्यांचा हात सुपातच थांबला. मी माणसांना पाणी द्यायच्या निमित्तानं त्यांच्याजवळ वाकले आणि हळूच म्हटलं, "मामाजी, मी सांगून देते त्यांना."

"सांगशील, मंग कोन उतरन?" एवढंच बोलून ते उठले.

मी डोक्यावर पदर घेऊन मागोमाग गेले. काठावर त्या मजुराची बायको रडत नव्हती, नुसती खाली बघत होती. मामाजींनी एक पोतं पाण्यात भिजवून खांद्यावर टाकलं, दोर कमरेला बांधला आणि उतरले. कोळशाच्या निखाऱ्याला जवळून बघावं तसं ते बार भरलेल्या भोकाकडं क्षणभर बघत राहिले. मग ओलं पोतं हलकेच त्यावर दाबलं. पहार वापरलीच नाही. हातानं एकेक दगड उचलून दुसऱ्या बाजूला ठेवू लागले. एखादा दगड घसरला की वरचे सगळे एक पाऊल मागं सरकत.

मजूर ओरडत होता. मामाजी आधी त्याच्या कानाशी काहीतरी बोलले, ते वर ऐकू आलं नाही. मग मोठ्यानं विचारलं, "सकाळी काय जेवून आलता?"

"भाकर... अन् ठेचा."

"बरफात तुरीची दाय शिजत नाई, ठाऊक हाय का तुले? सकाळी चुलीवर चढवली तं दुपारपर्यंत कच्चीच. जवान ताट वाजवत बसले राह्यत. अन् आपन झाकन दाबून बसाचं."

वर एक मास्तर होते. ते मला म्हणाले, "बघा, काय धीराचा माणूस. त्याचं मन दुसरीकडं वळवून राह्यले." मी मान हलवली.

अखेर पाय मोकळा झाला. बाज दोराला बांधून खाली सोडली, मजुराला वर ओढून घेतलं. मामाजींनी मात्र दोर धरलाच नाही. वरून हाका मारल्या. ते त्या पोत्याशेजारी बसून राहिले होते. शेवटी आवाज आला, "पाय उचलत नाई. बाज सोडा."

वर आल्यावर लोक खांद्यावर घ्यायला धावले. त्यांना बाजूला सारून ते बाभळीमागं गेले आणि भडभडून ओकले. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले.

"लय भेव लागलं, माय," ते म्हणाले. "अजूनबी लागून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं तो बार उडवला. आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला, भांडी थरथरली. मामाजींनी ताट दूर सारलं, जेवले नाहीत.

पुढं काही वर्षांनी, एका थंडीत, त्यांना दम्यानं धरलं. तो मजूर लंगडत रोज यायचा, त्यांचे पाय दाबायचा. एका सकाळी मामाजींनी मला जवळ बोलावलं. "मी गेल्यावर हे लोकं भाषन करतीन. खोटं बोलू देजो नको. मले आता सांगनं झेपत नाई." त्याच दिवशी संध्याकाळी ते गेले.

सकाळी अंगण भरलं. तिरडी बांधून झाली, कुणीतरी मोठा हार आणला. मास्तर पुढं झाले आणि बोलू लागले, "सीमेवर शत्रूशी झुंजलेले आपले मेजर..." मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. माझ्या तोंडून निघालं, "मामाजी फौजेत स्वयंपाकी होते. त्यांनीच सांगायला लावलं."

सगळे माझ्याकडं वळले. नवरा माझ्याजवळ आला. "काय बोलून राह्यली तू? आज?"

तो मजूर तिरडीपाशी उकिडवा बसला होता. तो उठला. "खरं हाय ते. विहिरीतच मले सांगतलं त्यायनं. म्हने, मले सुरुंगाचं काई समजत नाई, मी सैपाकी हावो, पन तुह्याजवळून हटत नाई."

मास्तरांनी हार तिरडीवर ठेवला आणि आधी तेच खांदा द्यायला वाकले.

नवरा माझ्याशी तेरवीपर्यंत नीट बोलला नाही. मी खरं सांगितल्याचा त्याला राग नव्हता. बापानं सुनेला सांगितलं, मजुराला सांगितलं, आपल्याला नाही, हे त्याला बोचत होतं. तेरवीच्या दिवशी पंगत बसायच्या आधी तो ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसला.

"लहान होतो तेव्हा ते सुट्टीवर आले होते," तो म्हणाला. "दोस्तायसमोर मी त्यायले इचारलं, किती दुश्मन मारले? ते हासले अन् मले बाजारात घेऊन गेले. मले वाटलं, इतके मारले असतीन का मोजताच येत नसतीन."

मग तो उठून लोकांना पानावर बसवायला अंगणात गेला.