मोहरीवरचं पाखरू

स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत गोंदियाच्या रेल्वे चाळीत पार्सल ऑफिसातले एक बाबू आमचे शेजारी होते. नावातलं एक अक्षर चुकलं तरी ते पार्सल सोडत नसत, आणि बायबलात एकही अक्षर चुकीचं नाही, असं त्याच सुरात सांगत.

एकदा अंगणात त्यांनी येशूचा दाखला, म्हणजे बोधकथा, वाचून दाखवला. त्यात मोहरीचं झाड होतं आणि त्यावर पाखरं राहत होती. तांदूळ विकायला आलेला कामठ्याचा शेतकरी म्हणाला, "मोहरी कंबरेएवढी होते अन् वाळते, बाबू. पाखरू कायले बसते तिच्यावर?"

"भाषांतर चुकलं असेल," मी शाळामास्तराच्या सवयीने म्हणालो.

त्या हिवाळ्यात बाबूंनी अंगणात मोहरी पेरली आणि भाजीलाही तोडू दिली नाही. एक रोप छातीपर्यंत वाढून कललं, तेव्हा त्याला बांबूचा आधार दिला.

एका सकाळी तिथे चिमणी बसलेली दिसली. मी हाक मारली, "बाबू, बसलं ना पाखरू."

ते बाहेर येऊन बराच वेळ बघत राहिले.

"बांबूवर बसून राहिलं ते, मास्तर," म्हणाले, आणि त्यांनी बांबू उपटला. मोहरी आडवी झाली. बाबू खाली बसून पुढच्या पेरणीच्या बियांसाठी तिच्या वाळलेल्या शेंगा वेचू लागले.