आठ वॉल्व्हचा सेट आणि इंद्रभान

इंद्रभानबद्दल मला फार थोडं माहीत होतं, हे आधीच सांगून टाकतो. त्याला किती मुलं होती, त्याचं शेत किती होतं, आई होती की नव्हती, हे मी कधी विचारलं नाही. तीन वर्षं आम्ही रोज तासभर एकाच बाकावर बसलो. बोललो ते फक्त रेडिओबद्दल, आणि तेही बहुतेक वेळा भांडल्यासारखं. पुढं माझी लोणारला बदली झाली. तो वारल्याचं मला तिथं कुणीतरी सांगितलं, तेव्हा त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याच्यावर लिहिण्याचा हक्क दुसऱ्या कुणाचा तरी असेल. पण अजून कुणी लिहिलेलं दिसत नाही, म्हणून मी लिहितो.

मी तेव्हा मलकापूरच्या पोस्टात कारकून होतो. साल चौसष्ट असावं. त्या काळात रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून लायसन्स काढावं लागे आणि दर जानेवारीत ते नवं करून घ्यावं लागे. ते काम माझ्या खिडकीवर होतं. त्यामुळे गावात कुणाकडे रेडिओ आहे हे मला तोंडपाठ होतं. माझ्याकडे मात्र नव्हता.

पाच वाजता पोस्ट सुटलं की मी स्टेशनजवळच्या हबीबभाईंच्या दुकानात जाऊन बसायचो. हबीबभाई रेडिओ दुरुस्त करत आणि कुणी सामान आणून दिलं तर नवा सेट बांधूनही देत. दुकान म्हणजे एक टेबल, एक कंदिलाएवढा बल्ब आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक. त्या बाकावर गिऱ्हाईक क्वचित बसे. आम्हीच बसायचो. मी, कापड दुकानवाले भगवंतराव आणि धामणगाव बढ्याचा इंद्रभान.

इंद्रभान बाजार समितीत मापारी होता. हिवाळ्यात कापूस मोजायचा, उन्हाळ्यात ज्वारी-तूर. अंगावर नेहमी कापसाचे तंतू चिकटलेले. शिक्षण चौथीपर्यंत. पण बंद पडलेल्या सेटवर नुसता कान ठेवून आतल्या काचेच्या नळ्यांपैकी, म्हणजे वॉल्व्हपैकी, कुठला गेला हे तो सांगायचा, आणि हबीबभाई आधी तोच वॉल्व्ह काढून बघायचे. ते मला सहन होत नसे. मी मुंबईहून टपालानं रेडिओचं मासिक मागवत होतो. इंग्रजी वाचून समजून घेत होतो. पण मी काही सांगितलं की हबीबभाई म्हणायचे, "ठीक आहे बाबूसाहेब. पण इंद्रभानभाऊ काय म्हणतात?"

आमचा एक खेळ होता. हबीबभाईंनीच सुरू केला.

"धरा, पैशाची फिकीर नाही," ते म्हणायचे. "जो पाहिजे तो माल भेटते. कसा सेट बांधसान?"

भगवंतरावांचं उत्तर ठरलेलं. शिसवी पेटी, समोर हिरवा दिवा, आणि पाहुणे आले की दिसेल अशी जागा. "आवाज आला नाही तरी चालेल," असं ते स्वतःच म्हणायचे आणि हसायचे. माझं उत्तर मात्र दर महिन्याला वाढत होतं. आधी सहा वॉल्व्ह, मग आठ. आधी एक स्पीकर, मग बारा इंची मोठा आणि बारीक सुरांसाठी वेगळा छोटा. विलायती ट्रान्सफॉर्मर. सागवानी पेटी, आतून बनातीचं कापड लावलेली. ही यादी मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली होती आणि वाचून दाखवायचो.

इंद्रभान यादी कधी सांगत नसे. त्याचा पहिला प्रश्न असायचा, "ठेवाचा कुठी आहे?"

"कुठंही ठेवा. सेट चांगला पाहिजे," मी म्हणायचो.

"तसं नसते, बाबू. कुठी ठेवाचा आणि ऐकणारं कोन, हे पयले सांगा. मंग वॉल्व्ह मोजू."

"आठ वॉल्व्हचा सेट चार वॉल्व्हपेक्षा चांगला, यात वाद काय आहे?"

"चांगला म्हंजे काऊन चांगला?"

आणि असा वाद ऐन रंगात आला की सव्वासहाला तो उठायचा. वाक्य अर्धं सोडून पिशवी उचलायचा. साडेसहाला धामणगावची शेवटची गाडी होती. पण स्टँड तर हाकेच्या अंतरावर. मला वाटायचं, हा हरायला लागला की पळतो. कधी वाटायचं, शेवटचा शब्द आपलाच राहावा म्हणून पळतो. भगवंतराव म्हणायचे, "बायकोले भेते." इंद्रभान हसून निघून जायचा.

शेवटी मी सेट बांधायचा ठरवला. पोस्टाच्या बचत खात्यात पैसे साठले होते, त्यातून माझ्या बायकोला, सरस्वतीबाईला, शिवणयंत्र घ्यायचं होतं. ते पुढच्या वर्षावर ढकललं. मला सेट हवा होता हे खरं. पण त्याहून मला हे हवं होतं की इंद्रभाननं एकदा माझ्या घरी यावं, कान लावून ऐकावं आणि म्हणावं, बाबू, तुमचं बरोबर होतं. खरं तर एवढ्यासाठीच मी तो सेट बांधला.

उन्हाळ्यात हबीबभाईंनी कामाला हात घातला. यादी समोर ठेवली तेव्हा इंद्रभान बाकावरच होता. त्यानं वही हातात घेतली, बोट फिरवत वाचली आणि विचारलं, "तुमचं घर जिनिंगच्या मागं आहे ना?"

"आहे. त्याचं काय?"

"जिनिंगवर आता विजेच्या मोटारी बसल्या. हा सेट लयच बारीक ऐकीन. दुनियेचं ऐकीन तसं जिनिंगचंही ऐकीन. वॉल्व्ह कमी करा, तार लांब लावा."

मी भगवंतरावांकडे पाहिलं. ते मिश्कील हसले. इंद्रभानला माझा हेवा वाटतोय असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, तीन वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मी एकही वॉल्व्ह कमी केला नाही.

सेट झाला. कापसातली सरकी वेगळी करणारं ते जिनिंग उन्हाळ्यात बंद असतं. रेडिओ सिलोन असं यायचं की शेजारचे लोक अंगणात येऊन बसायचे. मी इंद्रभानला बोलावलं.

"एक दिवस संध्याकाळी या."

"गाडी चुकीन, बाबू."

पुन्हा बोलावलं नाही. ज्याला जळायचं तो जळो, असं मनात म्हटलं.

दिवाळी झाली, जिनिंग दोन पाळ्यांत सुरू झालं, आणि माझा सेट खरखरू लागला. बातम्यांत खरखर, गाण्यांत खरखर, दोन्ही स्पीकरांतून वेगवेगळी खरखर. मी एरियलची तार बदलली, अर्थिंगची पट्टी खोल गाडली, तिथं पाणी ओतलं. काही होईना. एके संध्याकाळी सरस्वतीबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "अहो, आपला रेडिओ सरकी काढून राह्यला."

दुकानात मात्र मी कुणाला कळू दिलं नाही. हबीबभाईंनी विचारलं तर म्हणायचो, खणखणीत येतं. त्यांनी एकदा घरी येऊन बघतो म्हटलं, ते मी टाळलं. इंद्रभान काही विचारत नसे, आणि त्याचं ते न विचारणं मला जास्त लागत होतं. अशाच एका दिवशी हबीबभाईंनी पुन्हा त्याचा सल्ला घेतला, कुणा पाटलाच्या सेटसाठी, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"हबीबभाई, ज्यांना विचारताय त्यांच्या नावाचं लायसन्स आमच्या रजिस्टरात नाही. तीन वर्षं बघतोय. घरात सेट नाही आणि दुनियेला सेट शिकवतात."

हबीबभाईंनी हातातला झाळणीचा लोखंडी दांडा खाली ठेवला. भगवंतराव रस्त्याकडे बघू लागले.

"हाव," इंद्रभान म्हणाला. "माह्या नावानं नाही." घड्याळात सव्वासहा झाले होते. तो पिशवी घेऊन उठला.

तो आता येणार नाही, अशी माझी समजूत होती. दुसऱ्या दिवशी तो आला, नेहमीच्या जागेवर बसला आणि मला म्हणाला, "बाबू, जरा सरका."

डिसेंबरात धामणगावच्या शाखा पोस्टाचा हिशोब तपासायला मला पाठवलं. काम लांबलं आणि परतीची गाडी गेली. शाखा पोस्टमास्तर महादेवराव यांनी मुक्कामाची सोय केली. साडेसात वाजायला आले तेव्हा ते म्हणाले, "चला, चावडीवर जाऊ. तिकडंच सगळे असतात."

धामणगावात तेव्हा वीज नव्हती. चावडीपुढं कंदील, खाली सतरंजी. पन्नास-साठ माणसं बसलेली, कडेला बाया. आत भिंतीत एक कपाट होतं आणि त्याला कुलूप. मलकापूरची साडेसहाची गाडी नुकतीच येऊन गेली होती. गर्दीतून वाट काढत इंद्रभान आला, कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं. आत सरकारनं गावासाठी दिलेला चार वॉल्व्हचा, बॅटरीवरचा साधा सेट होता. त्याची तार शाळेच्या छपरापासून पिंपळापर्यंत गेलेली. त्यानं बटण फिरवलं.

एकही खरखर नाही. बाजारभाव आले, मग भजन आलं. टाळ कुठला आणि चिपळ्या कुठल्या ते वेगळं कळत होतं. गावात एकही मोटर नव्हती, एकही विजेची तार नव्हती. मी मागं उभा होतो. कपाटाच्या दाराला आतून सुतळीनं लायसन्सचं पुस्तक टांगलेलं होतं. ते मी लांबूनही ओळखलं. ग्रामपंचायतीच्या नावाचं. दर जानेवारीत ग्रामसेवक ते घेऊन यायचा आणि त्यावर माझा शिक्का, माझी सही.

"इंद्रभान, जरा लहान कर रे आवाज," कडेनं एक म्हातारी म्हणाली. "लेकरू झोपलं."

"करतो, सोजरामाय."

आवाज कमी करताना त्याला मी दिसलो. त्यानं लोकांना सरकायला लावून मला पुढं बसवलं. "हे मलकापूरचे बाबू," तो म्हणाला. "याहीच्या घरी आठ वॉल्व्हचा सेट आहे. हबीबनं बांधला."

सगळे माझ्याकडे वळून बघू लागले. सोजराबाईनं विचारलं, "मंग आपल्याहून चांगला बोलत असन?"

मी म्हणालो, "हो."

इंद्रभान माझ्याकडे न बघता सेटचा काटा सारखा करत राहिला. त्याला सगळं माहीत होतं. त्या रात्री महादेवरावांच्या ओसरीवर मला झोप लागली नाही. मला लाज वाटली असं लिहिलं तर बरं दिसेल, पण ती नंतरची गोष्ट. तेव्हा मला हेवाच वाटत होता. त्याच्याकडे काहीच नव्हतं, आणि तरी मी ज्यासाठी एवढं केलं ते सगळं त्याच्याकडे होतं. सेट चांगला, जागा चांगली, आणि रोज त्याची वाट बघणारी साठ माणसं.

जानेवारीत ग्रामसेवक रजेवर होता, म्हणून लायसन्स नवं करायला इंद्रभान स्वतः माझ्या खिडकीवर आला. कपड्यांवर कापसाचे तंतू, हातात ते पुस्तक. मी शिक्का मारला, सही केली. आम्ही एकमेकांना भेटलो ते शेवटचंच. दुसऱ्याच दिवशी माझा बदलीचा हुकूम आला आणि आवराआवरीत दुकानात जाणं झालंच नाही.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. पुस्तक भिजू देऊ नका."

"हाव. यंदा जिनिंग कवा बंद होते?"

"होळीपर्यंत चालेल म्हणतात."

"मंग होळी झाल्यावर येतो एखांद्या रविवारी. तुमचा सेट ऐकाले."

"या. जेवायलाच या."

"जेवण राहू द्या, बाबू. गाडी पाहा लागते."